कोठ्यातली किरायदारीण

वर्ध्याजवळच्या आंजीतल्या त्या घराच्या दारावर निळ्या पत्र्याची एक पाटी होती. वरच्या ओळीतलं नाव उन्हानं पार उडून गेलं होतं, खालचा हुद्दा तेवढा शाबूत होता: 'निवृत्त व्रणोपचारक'. गावात त्याचा अर्थ कुणाला ठाऊक असेल तर शपथ. पोस्टमनला ती कुठली तरी मोठी पदवी वाटायची. शेजारच्या शांताबाईंच्या मते ते त्यांचं आडनाव होतं. मी तर मराठीची शिक्षिका, पण खोली बघायला गेले तेव्हा मलाही विचारावं लागलं.

"अवं, ड्रेसर!" ते म्हणाले. "ढोराच्या दवाखान्यात पट्ट्या बांधत होतो. सरकारनं कागदावर हेच लिवलं होतं, मंग पाटीवर दुसरं कायले लिवू?"

गाव त्यांना डाक्टर म्हणायचं आणि ते दरवेळी चिडायचे. "डाक्टर तिकडे खुर्चीवर बसते. मी खाली बसून पाय धरणारा," असं म्हणून समोरच्याला गप्प करायचे. मी त्यांना काका म्हणायचे. ते मला बाई म्हणायचे, पण पुढे सरळ 'तू'. "बाई, तू च्या पेशीन का?" पहिल्या दिवशी मला ते चांगलंच झोंबलं. आमच्या साताऱ्यात शाळेतल्या बाईला कुणी एकेरीत बोलवत नाही. मग आठ दिवसांत कळलं की सरपंचालाही 'तू' आणि बँकेतल्या साहेबालाही 'तू'. 'तुमी' फक्त जनावरांना. रस्त्यात आडवी बसलेली म्हैस दिसली की थांबून म्हणायचे, "अहो, जरा सरकता का?" आणि खरं सांगते, ती सरकायची.

मी एकदा विचारलंच, हे काय उलटं शास्त्र?

"मानसाले तोंड हाये," ते म्हणाले. "तो आपला मान मांगून घेते. नाई देल्ला तर भांडून घेते, तुयावानी. मुक्यानं कसा मांगावा?"

'तुयावानी' मुद्दाम घातलं होतं. माझ्या नाकावर कायम राग असतो, हे त्यांनी पहिल्या पंधरा मिनिटांत ओळखलं होतं. भाडेकरूंसाठी त्यांचे तीन नियम होते. बोअरचं पाणी सकाळी सातच्या आत भरायचं. कोठ्यात फिनाईल मारायचं नाही. आणि दार लोटायचं, आपटायचं नाही. "बाकी काय बी कर. गाने म्हन, फोनवर भांड. पन दार आपटशीन तर खोली खाली करा लागन." कोठा म्हणजे घरामागचा जुना गोठा. गुरं कधीच गेली होती. आता तिथं पऱ्हाट्यांचा, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचा ढीग, मोडकी खाट, तुरीची दोन पोती आणि एका कोपऱ्यात माझी स्कूटी. दार पत्र्याचं, जडच्या जड.

"अन् अजून एक," ते जाता जाता म्हणाले. "कोठ्यात एक जुनी किरायदारीण राह्यते. तुयाआधीची. त्याईले तरास नाई झाला पायजे."

गोठ्यात म्हातारी ठेवलीय! माझं डोकंच फिरलं. हा कसला माणूस, म्हटलं, भिंतींना रंग देतो आणि म्हातारीला गोठ्यात ठेवतो. दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी चांगला साजूक तुपातला शिरा केला, ताटली झाकली आणि कोठ्यात गेले. "आजी, आहात का?" पऱ्हाट्या सळसळल्या. "आजी, मी नवीन बाई..." एवढं म्हणेपर्यंत माझ्या हाताएवढी जाड, पुरुषभर उंचीपेक्षा लांब धामण पऱ्हाट्यांतून निघाली, माझ्या ताटलीसमोर क्षणभर थांबली आणि सावकाश पोत्यांच्या मागं गेली. शिरा तिथंच. मी ओसरीवर कशी पोचले ते मला आजतागायत आठवत नाही.

काका सुपारी कातरत बसले होते. मान वर न करता म्हणाले, "झाली भेट? शिरा नाई खात त्या. उंदीर खातेत."

त्या घरात मी पुढं तीन वर्षं राहिले. धामण बिनविषारी असते, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. पटायला सहा महिने गेले. हळूहळू सवय झाली. स्कूटी काढताना मीही म्हणायला लागले, "अहो, जरा सरकता का?" शांताबाईंना मात्र ती डोळ्यांसमोर नको असायची. त्यांच्या दोन शेळ्या होत्या आणि धामणीनं शेपटी मारली की पाय सडतो, यावर त्यांचा ठाम विश्वास होता. काका हात जोडायचे. "शांताबाई, सडलेले पाय जलमभर मीच धुतले न! गंजलेला खिळा, बाभुळकाटा अन् मालकाचा आळस. शेपटीनं सडलेला एक पाय दाखव, तुले माया कोठा लिवून देतो."

दुपारी शाळेतून आले की पेपर वाचून दाखवायचं काम माझ्याकडे असे. सकाळी ते स्वतः पेपर घेऊन बसलेले असायचे, पानं उलटायचे, 'च्च च्च' करायचे. तरी दुपारी म्हणायचे, "वाच न बाई. तुये उच्चार भल्ले शुद्ध हायेत." मी फुलून जायचे. साताऱ्याची मराठी अखेर कुणाला तरी कळली, म्हणून अग्रलेखसुद्धा साभिनय वाचायचे. काय पण शहाणी!

पट्टीबद्दल त्यांचं एक वाक्य होतं, ते सगळ्याला लागू करायचे. जुनी पट्टी जखमेला चिकटते. अडाणी माणूस ती ओढून काढतो, मग जखम पुन्हा उघडते आणि बैल लाथ मारतो. "पट्टी सुटत नसन, तर समज का पानी कमी पडलं. अजून भिजव." पोरगी सासरहून रुसून आली, तरी हेच. ग्रामसेवक सही देत नाही, तरी हेच. "अजून भिजव त्याले." आणि दुसरं वाक्य गळवाचं: "पिकल्याशिवाय चिरू नये." या दोन वाक्यांवर माणसाचा अख्खा संसार चालतो, असं त्यांचं म्हणणं. त्यांचा चाललाही होता. बायको जाऊन बरीच वर्षं झाली होती, लेक नागपूरला, आणि ते आपले एकटे, शांत.

चैत्रातली गोष्ट. शाळेत त्या दिवशी मुख्याध्यापकांशी माझं वाजलं होतं. सुट्टीतल्या सरकारी मोजणीच्या कामाला सगळ्यांची नावं फिरवून लावायची ठरली होती आणि यादीत पहिलं नाव पुन्हा माझंच. तळपायाची आग मस्तकात घेऊन घरी आले. स्कूटी कोठ्यात ढकलली, पिशवी उचलली आणि मागं न बघता दार ओढलं. ओढलं काय, आपटलं. आवाज गल्लीच्या टोकापर्यंत गेला असेल.

दार नीट बसलं नाही. काहीतरी मध्ये आलं होतं.

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. सापाला ओरडता येत नाही. पत्र्याच्या आतून नुसतं धपाधप, धपाधप अंग आपटल्याचं ऐकू येत होतं. मी दार उघडलं तेव्हा शेपटीच्या टोकाचा चार बोटं भाग चेपून चपटा झाला होता आणि ती वेटोळं घालून स्वतःचीच शेपटी अंगाखाली लपवत होती.  "काका!" एवढंच कसंबसं निघालं.

ते आले. भिंतीला हात लावत, सावकाश. मला वाटलं आता खोली गेली. गेली तर गेली, पण आधी चार शिव्या तरी द्याव्यात. ते खाली बसले, ओलं फडकं तिच्या डोक्यावर टाकलं, "थांबा, थांबा, पाहू द्या," म्हणत बोटांनी शेपूट चाचपली. खूप वेळ चाचपत राहिले.

"हाड गेलं," ते म्हणाले. मग माझ्याकडे तोंड करून, "दार आपटलं का मानूस वरडते, कुत्रं वरडते. हे मुकं हाये. म्हनून नियम होता बाई, दुसरं काय."

शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं.

त्याच संध्याकाळी त्यांनी वनखात्याच्या गार्डला फोन करायला लावला. तो मोटरसायकलवर आला, बघून म्हणाला, "डाक्टर, साप पाळता येत नाही, कायदा आहे."

"मी कुठं पाळली? तिनं मले पाळलं. आठ-दहा वर्सं झाले, उंदरानं माया पोत्याले तोंड नाई लावलं. अन् मी ड्रेसर आहो."

गार्डनं साहेबांना फोन लावला, बराच वेळ बोलला. शेवटी ठरलं की जनावरांच्या डॉक्टरीणबाईंच्या देखरेखीखाली जखम भरेपर्यंत इथंच राहू द्यायचं, बरी झाली की त्याच्या समोर, जिथली तिथं सोडायचं. डॉक्टरीणबाई दुसऱ्या दिवशी आल्या, मेलेलं टोक कापलं, मलम दिलं. काकांनी धान्याच्या जुन्या लाकडी पेटीला जाळी ठोकून तिचं घर केलं. ड्रेसिंग रोज संध्याकाळी. मी तिला मधोमध धरायचे, ते शेपूट धुवायचे. पहिल्या दिवशी माझे हात इतके कापत होते की ते म्हणाले, "धामनीले पकडून ठेव, भूकंपाले नको."

शांताबाई तिसऱ्या दिवशी कुंपणाशी आल्या, हातात तेलात कालवलेली हळद. "शेपटीले लावा म्हनाव," लांबूनच वाटी ठेवली आणि मला म्हणाल्या, "काऊन व बाई, एवढं शिकून दार लावता येत नाई तुले?" ज्या शेपटीला त्या आयुष्यभर भ्यायल्या, तिच्यासाठी मला ऐकून घ्यावं लागलं.  हळद डॉक्टरीणबाईंनी लावू दिली नाही, पण शांताबाई त्यानंतर रोज येऊन विचारपूस करायला लागल्या.

जखम सुकली. मला वाटलं सुटले. आणि वैशाखात तिनं कात टाकायला काढली.

एरवी ती कात टाकायची तेव्हा पऱ्हाट्यांना घासून, तोंडापासून शेपटीपर्यंत, पायमोजा उलटा काढावा तशी अखंड काढायची. या वेळी पेटीत, त्या भाजक्या उन्हात, दुबळ्या अंगानं तिला ते जमेना. कातडी तुकड्यातुकड्यानं फाटली. पाठीवर चिटकली, आणि शेपटीला जखमेच्या वर कातीची तीन कडी राहिली. वाळून ती आवळत चालली, बोटाला दोरा गुंडाळावा तशी. डोळेही पांढुरके. सापाला पापणी नसते; डोळ्यावर काचेसारखं झाकण असतं आणि ते कातीबरोबर निघतं. तिचं निघालं नव्हतं. उंदीर पुढ्यात ठेवला तरी ती भलतीकडे तोंड मारायची, मग वेटोळ्यात डोकं खुपसून पडून राहायची. खाणं बंद. पाठीचा कणा वर दिसायला लागला.

"उन्हानं वाळून राह्यली," काका म्हणाले. "हवेत ओल पायजे."

इथं त्यांच्या दुसऱ्या एका विक्षिप्तपणाबद्दल सांगायला हवं. सगळा वर्धा जिल्हा उन्हाळ्यात कूलरसमोर बसतो. हा माणूस कूलरला हात लावत नसे. "पैशानं आनलेला पावसाळा," म्हणायचे. ओल्या पंच्यानं अंग पुसून ओसरीवर पडायचे. मी कूलर घेतला तेव्हा महिनाभर मला टोमणे मारले होते. तोच माणूस त्या दुपारी माझ्या दारात उभा राहिला, पंचा दोन्ही हातांत धरून.

"बाई, तुया पावसाळा देतं का? त्याईच्यासाठी."

दिला. न देऊन सांगते कुणाला? खसच्या ताट्यांवरून येणारी ती गार ओली हवा पेटीच्या जाळीतून जायची आणि मी शेजारच्या खोलीत भट्टीतल्या विटेसारखी भाजत पडायचे. मनात म्हणायचे, भोग आता आपल्या कर्माची फळं.

रोज सकाळी आंघोळ. "आंगोयीले चला," ते पेटी उघडून म्हणायचे. घमेल्यात कोमट पाणी, त्यात ती अर्धा तास. मग ओलं गोणपाट गुंडाळून त्यातून तिला आपलं आपण सरकू द्यायचं. खडबडीत तागाला घासून कातीचे पापुद्रे सुटायचे. चार दिवसांत पाठ मोकळी झाली. शेपटीची कडी मात्र हलेनात. काका रोज बोटांनी चाचपायचे आणि म्हणायचे, "उद्या."

पाचव्या दिवशी ते बँकेत गेले असताना मी तिला पाण्यातून काढलं. एक कडं थोडं सुटल्यासारखं दिसत होतं. माझा स्वभाव! दोन नखांत धरलं आणि ओढलं. कडं निघालं, पण खालची नवी कातडीही सोलवटली आणि रक्ताचा थेंब आला. मी घाईघाईनं पुसलं, पेटी बंद केली, चेहरा साळसूद करून बसले.

संध्याकाळी त्यांचं बोट तिथं जाऊन थांबलं. "ओढलं का?"

"हो."

"पानी कमी पडलं होतं," एवढंच म्हणाले आणि मलम मागितलं. उरलेली दोन कडी आणखी तीन दिवसांनी पाण्यातच, बोटाच्या हलक्या धक्क्यानं, आपोआप गळून पडली. मी मात्र कडं ओढलं त्या रात्री जेवले नाही.

राहिले डोळे. आणि इथं काका अडले. आंघोळ झाली की मी तिचं डोकं धरायचे, ते कापसाचा ओला बोळा हातात घ्यायचे, वाकायचे आणि पुन्हा सरळ व्हायचे. "पिकू दे अजून." दुसऱ्या दिवशी, "पिकू दे." डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की झाकण पुरतं भिजलं की ओल्या कापसानं कडेकडेनं फिरवत सोडवा, चिमटा लावू नका, जमत नसेल तर मला बोलवा. काका त्यांनाही बोलवू देईनात. आणि इकडे धामण वाळून दोरी झाली होती. या टाळाटाळीच्या सहाव्या दिवशी माझा बांध फुटला.

"किती पिकवणार? ती मरेल काका! उपाशी मरेल, आणि माझ्यामुळं मरेल! बत्तीस वर्षं पट्ट्या बांधल्या म्हणता, मग आता काय झालं तुमच्या हाताला?"

"हाताले काई नाई झालं," ते म्हणाले.

बोळा घमेल्याच्या काठावर ठेवला. "मले तिचा डोया दिसत नाई, बाई. तिचाच काऊन, तुया बी नाई दिसत. तू येऊन राह्यली हे पायाच्या आवाजानं समजते. मोतीबिंदू हाये दोनी डोयांत. अंदाजानं हात चालवला अन् झाकनाच्या जागी डोयाच निघाला तर?"

 सकाळचा पेपर, ती पानं उलटणं, ते 'च्च च्च'. भिंतीला हात लावून चालणं. चाचपणं, सगळं चाचपणं. आणि माझे शुद्ध उच्चार! लाज वाटली मला, खरंच. वर्षभर एका घरात राहून मला माझ्याशिवाय काही दिसलं नव्हतं.

"कधीपासून? डॉक्टर काय म्हणाले?"

"तीन वर्सं झाले. ते म्हनाले काढून टाका. मी म्हनलं, पिकू दे."

आयुष्यभर गळवं पिकवून चिरलेला माणूस डोळ्यालाही तोच न्याय लावत होता! मला रागही आला आणि हसूही आलं. पण ती वेळ भांडायची नव्हती. घमेल्यात धामण होती.

"तूच कर," ते म्हणाले. "मी सांगतो तसं."

त्यांनी तिचं डोकं धरलं, तीन बोटांत, अंड्याला धरावं तसं. मी बोळा भिजवला. "डोयावर नको जाऊ. नाकाकडच्या कोपऱ्यातून सुरू कर. घास नको, फिरव. अजून पानी घे. घाई झाली का तुले? मंग थांब, श्वास घे." मी थांबले. मी, जिला दूध उतू जाईपर्यंत थांबता येत नाही, ती तशी थांबले. किती वेळ गेला कोण जाणे. मान अवघडली, घाम भुवईवरून डोळ्यांत उतरला, तो पुसायलाही हात मोकळा नव्हता. आणि मग भिजल्या हरभऱ्याचं साल सुटावं तसं ते झाकण सुटून कापसाला चिकटलं.

"निघालं!"

"ओरडू नको. दुसरं."

दुसऱ्याला आणखी वेळ लागला. तेही निघालं.

"कसा हाये डोया?" त्यांनी विचारलं. "सांग न. पेपर वाचते तसं सांग."

मी सांगितलं. गोल आहे, मोठा आहे. बाहुली काळीभोर, भोवती सोनेरी कडं. त्यात खिडकी दिसतेय, आणि खिडकीच्या अलीकडे मी, एवढीशी. ते डोळे मिटून ऐकत होते. मग तिला पेटीत ठेवताना म्हणाले, "बरं झालं बाप्पा. दिसू लागलं तुमाले." दोन दिवसांनी तिनं उंदीर खाल्ला. मी शांताबाईंना कुंपणावरून ओरडून सांगितलं, त्यांनी गल्लीला सांगितलं.

सोडण्याचा दिवस मृगाच्या आधी आला. कोठ्यामागं शेताचा धुरा, म्हणजे बांध आहे, तिथं गार्ड, काका आणि मी. पेटी उघडली. ती थोडी थबकली, जीभ बाहेर काढून हवा चाखली आणि बोथट शेपटीनं गवत हलवत डावीकडच्या बोरीखाली गेली. काका हात जोडून उभे होते, उजवीकडं, विहिरीकडे तोंड करून.

"गेल्या का?"

"गेल्या."

"मांगं पाह्यलं का त्याईनं?"

आठ दिवस मी त्यांच्या मागं लागले होते, ऑपरेशन करून घ्या म्हणून. आठ दिवस 'पिकू दे' ऐकत होते. माझं डोकं सटकलं. "बघितलं असतं तरी तुम्हाला कुठं दिसणार होतं?"

उचलली जीभ, लावली टाळ्याला. गार्ड चपलेतला खडा काढायच्या निमित्तानं खाली वाकला. काका घराकडे निघाले, कोठ्याच्या भिंतीला हात लावत. मी खोलीत जाऊन रडले. आधी पोळ्या लाटत रडले, मग पोळ्या टाकून रडले. संध्याकाळी चहा घेऊन ओसरीवर गेले आणि म्हणाले, "काका, चुकलं माझं," आणि नाक ओढलं.

"रडून राह्यली का?"

"हो."

त्यांनी बशी चाचपून उचलली, फुंकर मारली, एक घोट घेतला.

"पुरे कर आता. एवढ्या पान्यानं सुटली पट्टी. सकायची पहिली गाडी किती वाजता हाये वर्ध्याले?"

ऑपरेशनच्या दुसऱ्या दिवशी डोळ्यावरची पट्टी निघाली तेव्हा लेकही नागपूरहून आली होती. काकांनी आधी तिच्याकडे पोटभर पाहिलं, मग खोलीभर नजर फिरवली. "बाई कुठं हाये?"

"मी इथंच आहे, काका."

"बाप्पा! एवढीशी?" ते म्हणाले. "आवाजावरून मले वाटलं, दारात मावत नसशीन."

सगळा वॉर्ड हसला. मीही हसले, काय करता.

घरी आल्यावर सगळं नव्यानं बघत हिंडले. पाटीवरचं नाव उडालंय हे त्यांना तेव्हाच कळलं. "हुद्दा तर हाये," म्हणाले आणि तशीच ठेवली. मग कोठ्याच्या दाराशी थांबले. शेपटी चेपली त्या दिवसानंतर मी दाराच्या कडेला, वरपासून खालपर्यंत, गोणपाटाची जाड गुंडाळी बांधून टाकली होती. स्वभावाचा काय भरवसा!

"तरीच," ते म्हणाले. "मी म्हनत होतो, बाई दार लोटाले शिकली." आणि त्यांनी तिथंच उभं राहून एकेक गाठ सोडली, गोणपाट काढलं आणि घडी घालून पऱ्हाट्यांवर ठेवलं. मी नको नको म्हणत होते, ऐकलं नाही.

पोळा होऊन आठेक दिवस झाले असतील. मी स्कूटी काढायला गेले आणि पोत्यांच्या मागून काहीतरी पांढरं लोंबताना दिसलं. कात. अखंड, तोंडापासून शेपटीपर्यंत, शेपटीचं टोक बोथट. मी दोन्ही हातांवर घेऊन ओसरीकडे पळाले. काकांनी ती माझ्या हातून घेतली, जाड चष्मा लावला, उजेडात धरली. शेपूट नाही पाहिली. तोंडाची बाजू अलगद उलगडली आणि खूप वेळ पाहत राहिले. तिथं तांदळाच्या दाण्याएवढ्या दोन काचा होत्या, एक इकडे, एक तिकडे.

"दोनी आल्या," ते म्हणाले. आवाज जरा ओला होता. "पाह्य न बाई, दोनी हायेत. मले दिसून राह्यल्या."

मग उठले, कोठ्याच्या दारात गेले आणि आतल्या अंधाराला म्हणाले, "तुमचं बरं हाये बाप्पा. दर खेपेले नवे डोये."

पऱ्हाट्या थोड्या सळसळल्या. मी खाली बघितलं, उंबऱ्यात काही नाही ना याची खात्री केली आणि दार लोटलं. आवाज आला नाही. गोणपाट तर त्यांनी केव्हाच काढून टाकलं होतं.